राल्फ टीटर : एक दृष्टिहीन यंत्रविशारद

थोरांचीं चरित्रें वाचावयास बसलों म्हणजे आपण बहुधा राजे, सेनापति, साधुसंत आणि कवि यांच्याकडे प्रथम वळतों. परंतु ज्यांनीं कारखान्याच्या एका कोपऱ्यांत तेलानें माखलेल्या हातांनीं काम करून मनुष्यजातीचे श्रम हलके केले, त्यांचीं नांवें आपल्या ओठीं क्वचितच येतात. यंदां या वार्षिकाच्या वाचकांस आम्ही अशाच एका पुरुषाचा परिचय करून देणार आहों. त्याचें नांव राल्फ टीटर. मोटारगाडीचा वेग आपोआप एकसारखा राखणारें जें साधन आज क्रूझ कंट्रोल या नांवानें सर्वत्र ओळखलें जातें, त्याचा हा जनक. नवल हें कीं, या गृहस्थाची दृष्टि बालपणींच गेली होती. ज्या रस्त्यांसाठीं त्यानें हें साधन निर्माण केलें, ते रस्ते त्यानें डोळ्यांनीं कधींच पाहिले नाहींत.

आमच्या ठाणें, कल्याण व डोंबिवलीच्या मुलांस हें चरित्र सांगण्याचें एक विशेष कारण आहे. आपण महामार्गांच्या तोंडाशींच राहतों. ठाण्याच्या माजिवड्यावरून निघणारा मुंबई-नाशिक महामार्ग भिवंडी व शहापूर मागें टाकून कसाऱ्याच्या घाटास भिडतो. घोडबंदरचा रस्ता अहमदाबादकडील महामार्गास जाऊन मिळतो. शीळफाट्यावरून डोंबिवलीकर पनवेल व पुणें गांठतात. आणि नागपुराहून येणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ रोजीं आपल्याच जिल्ह्यांतील, भिवंडीजवळच्या आमणें गांवापर्यंत संपूर्ण खुला झाला. आज अनेक घरीं नव्या मोटारी आल्या आहेत, व त्यांत वेग राखणारीं, पुढील गाडीपासून अंतर ठेवणारीं, पट्टा सोडल्यास सूचना देणारीं आणि प्रसंगीं आपोआप ब्रेक लावणारीं साधनें बसविलेलीं असतात. मागें बसलेला मुलगा पाहतो कीं, वडिलांनीं पाय उचलला तरी गाडी धांवतच आहे. आणि त्यास वाटतें, गाडी आतां स्वतःच चालली. हा समज खरा किती व खोटा किती, हें टीटर यांच्या चरित्रावरून फार चांगलें कळतें.

राल्फ याचा जन्म १७ ऑगस्ट १८९० रोजीं अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत हेगर्सटाउन या लहानशा गांवीं झाला. त्याचे वडील व चुलते मिळून एक कारखाना चालवीत. त्यांत रुळांची पाहणी करणाऱ्या रेल्वेच्या माणसांसाठीं रुळांवरून चालणाऱ्या हलक्या सायकली, व पुढें यंत्रावर चालणाऱ्या लहान गाड्या तयार होत. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजीं पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास आली व पुढच्याच वर्षीं लोहमार्ग कल्याणास पोंचला. तेव्हां रुळांच्या पाहणीचें महत्त्व आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. रुळांवरून ट्रॉली ढकलीत जाणारी माणसें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस टीटर यांच्या घरचा धंदा काय होता हें सहज कळेल. अशा रीतीनें हातोड्याचा नाद, चाकांचा आवाज व तेलाचा वास यांतच राल्फचें बालपण सुरू झालें.

तो पांच वर्षांचा असतांना त्याच्या आयुष्यांत घोर प्रसंग ओढवला. चाकूशीं खटपट करीत असतां चाकू निसटला व त्याच्या एका डोळ्यास जबर इजा झाली. एका डोळ्यास अशी खोल जखम झाली असतां कधीं कधीं शरीराची संरक्षक शक्ति चुकीनें दुसऱ्या, धडधाकट डोळ्यावरच उलटते. राल्फच्या बाबतींत दुर्दैवानें तेंच घडलें. वर्षभराच्या आंतच त्याचा दुसरा डोळाही निकामी झाला. आज यावर उपाय आहेत. त्या काळीं ते नव्हते. अक्षरें गिरविण्याच्या वयांत या मुलाच्या भोंवतीं कायमचा अंधार पसरला.

येथें आम्ही पालकांचें लक्ष एका गोष्टीकडे वेधूं इच्छितों. अशा प्रसंगीं आईबापांचें काळीज तुटतें, आणि मायेच्या भरांत तीं मुलास इतकें जपतात कीं, डोळ्यांबरोबर त्याचे हातपायही निरुपयोगी होऊन जातात. राल्फच्या आईबापांनीं तसें केलें नाहीं. त्याच्या अंधत्वाची चर्चा घरांत होत नसे. इतर मुलांप्रमाणेंच तो वाढावा असा त्यांचा कटाक्ष होता. कारखान्याचें दार त्यास बंद झालें नाहीं. तो हत्यारें हाताळूं लागला, यंत्रांचे भाग बोटांनीं चांचपून त्यांची रचना मनांत सांठवूं लागला. जें इतरांस एका दृष्टिक्षेपांत कळतें तें त्यास दहा वेळां स्पर्श करून समजून घ्यावें लागे. पण एकदां समजलें कीं तें पक्कें होई. पाहणारा मनुष्य पाहिलेलें विसरतो, कारण त्यास पुन्हां पाहतां येतें. राल्फला विसरून चालण्यासारखें नव्हतें.

या अभ्यासाचें फळ लौकरच दिसून आलें. सुमारें बारा वर्षांचा असतांना त्यानें आपल्या चुलत भावाच्या साहाय्यानें एक चालती मोटारगाडी तयार केली. तो विसाव्या शतकाचा आरंभ होता. मोटार ही वस्तुच तेव्हां नवी होती, आणि पुष्कळ मोठ्या माणसांनींही ती जवळून पाहिली नव्हती. अशा काळीं एका दृष्टिहीन मुलानें ती जुळवावी, ही सामान्य गोष्ट नव्हे.

पुढें त्यास यंत्रशास्त्राचें उच्च शिक्षण घेण्याची इच्छा झाली. अंध विद्यार्थी आराखडे कसे वाचणार व प्रयोगशाळेंत काम कसें करणार, या शंकेनें विद्यापीठें त्यास घ्यावयास कचरत होतीं. तरीही आप्तांच्या साहाय्यानें व स्वतःच्या चिकाटीनें त्यानें पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत प्रवेश मिळविला. पुस्तकें दुसऱ्यांनीं वाचून दाखवावीं, त्यानें तीं ऐकून ध्यानांत ठेवावीं, आकृति मनांतल्या मनांत काढाव्या व गणितें डोक्यांतच सोडवावीं, असा क्रम चालला. १९१२ सालीं तो यंत्रशास्त्राचा पदवीधर झाला. आमच्या शाळेंतील ज्या विद्यार्थ्यांस दिव्याखालीं बसून एक पान वाचतांना दहा वेळां खिडकीबाहेर पहावेंसें वाटतें, त्यांनीं या विद्यार्थ्याचें चित्र क्षणभर डोळ्यांपुढें आणावें.

पहिल्या महायुद्धाच्या काळांत टीटर यांच्या अंगच्या विद्येची खरी कसोटी लागली. न्यू जर्सी संस्थानांतील कॅमडेन येथें जहाजें बांधण्याचा मोठा कारखाना होता व तेथें आरमारासाठीं विनाशिका तयार होत होत्या. या जहाजांच्या वाफेच्या टर्बाइनमधील फिरता भाग अत्यंत वेगानें फिरतो. त्याचें वजन सर्व बाजूंनीं तंतोतंत सारखें नसलें तर तो थरथरूं लागतो, आणि त्या थरथरीनें धारवे झिजून यंत्राचा नाश होतो. गॅरेजमध्यें मोटारीच्या चाकाचें बॅलन्सिंग करतांना कडेला शिशाचे लहान तुकडे बसवितात, हें आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. तत्त्व तेंच, परंतु जहाजाच्या प्रचंड टर्बाइनचें संतुलन साधणें ही फार अवघड गोष्ट होती. टीटर यांच्या बोटांना ही थरथर इतरांपेक्षां अधिक स्पष्ट कळत असे. स्पर्शाच्या या सूक्ष्म जाणिवेस गणिताची जोड देऊन त्यांनीं टर्बाइनच्या संतुलनाचा तो कठीण प्रश्न सोडविण्यास मोठा हातभार लावला. जी उणीव म्हणून जग त्यांच्याकडे बोट दाखवीत होतें, तिच्याच पोटीं असें सामर्थ्य जन्मास आलें होतें.

युद्ध संपल्यावर ते आपल्या गांवीं परतले व घरच्या धंद्यांत रमले. कारखाना आतां पिस्टनच्या कड्या तयार करण्याबद्दल प्रसिद्ध झाला होता, व पुढें परफेक्ट सर्कल या नांवानें ओळखला जाऊं लागला. इंजिनाच्या नळकांड्यांत वरखालीं होणाऱ्या पिस्टनभोंवतीं या कड्या बसविलेल्या असतात. स्फोट झालेला वायु खालीं निसटूं नये व तेल वर चढूं नये, हें त्यांचें काम. कडी नांवाप्रमाणें खरोखरच गोल व नेमकी असली तरच इंजिन धड चालतें. १९३६ सालीं अमेरिकेंतील मोटार-यंत्रविशारदांच्या संस्थेनें टीटर यांस आपले अध्यक्ष निवडलें. ज्यास विद्यापीठाच्या दारांत अडखळावें लागलें होतें, तोच पुरुष आतां त्या धंद्यांतील डोळस विद्वानांचा अग्रणी झाला. १९४६ मध्यें परफेक्ट सर्कल कंपनीचें अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलें.

आतां आपण त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध शोधाकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धांत आग्नेय आशियांतील रबराचे मळे जपानच्या हातीं गेले व अमेरिकेंत रबराचा मोठा तुटवडा पडला. टायरांची झीज कमी व्हावी म्हणून १९४२ सालीं तेथें मोटारींचा वेग ताशीं ३५ मैलांवर, म्हणजे सुमारें ५६ किलोमीटरांवर, आणण्यांत आला. परंतु हुकूम काढणें सोपें, आणि चालकाचा पाय त्या हुकुमाप्रमाणें स्थिर राहणें कठीण. टीटर यांस तर ही गोष्ट अंगानेंच कळत होती. त्यांचे एक वकील मित्र त्यांस मोटारींतून नेत असत. हे गृहस्थ बोलूं लागले कीं गाडी मंदावे, आणि ऐकूं लागले कीं ती पुन्हां धांवे. शेजारीं डोळस मनुष्य असता तर तो खिडकीबाहेरची शोभा पाहण्यांत गुंतला असता व हे हेलकावे त्याच्या ध्यानांतही आले नसते. टीटर मात्र प्रत्येक हिसका अनुभवीत होते. चालकाचें मन गुंतलें कीं पाय आपलें काम विसरतो, हें त्यांनीं हेरलें, आणि यावर उपाय शोधण्याचा निश्चय केला.

उपायाचें मूळ जुनेंच होतें. वाफेच्या यंत्राचा वेग स्थिर रहावा म्हणून जेम्स वॉट यानें १७८८ सालीं फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक वापरला होता. यंत्राचा वेग वाढला कीं गोळे बाहेरच्या बाजूस फांकत व वाफेचा मार्ग आपोआप आवळला जाई. टीटर यांनीं हेंच तत्त्व मोटारीस लावण्याचें ठरविलें. चाकांकडे शक्ति नेणाऱ्या दांड्याच्या गतीवर नियंत्रक फिरे. चालकानें आपल्यासमोरील तबकडीवर वेग ठरवावा, व त्या मानानें एका स्प्रिंगेवर ताण बसावा. गाडी ठरलेल्या वेगावर पोंचली कीं नियंत्रकाचें बळ स्प्रिंगेच्या ताणावर मात करी, आणि ॲक्सिलरेटरचें पायपट्टल चालकाच्या तळव्यास उलट दाबूं लागे. जणूं कोणी पायाला हळूच सांगे कीं, आतां पुरे. येथें एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. या पहिल्या स्वरूपांत चालकाचा पाय पायपट्टलावरच रहात असे. यंत्र त्यास जागें करी, झोंपवीत नसे.

अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर २२ ऑगस्ट १९५० रोजीं या शोधाचें पेटंट टीटर यांस मिळालें. तेव्हां ते साठ वर्षांचे होते. तरीही साधन बाजारांत येण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. प्रथम त्यास निरनिराळीं नांवें देण्यांत आलीं व अखेर स्पीडोस्टॅट हें नांव ठरलें. १९५८ सालच्या कांहीं महागड्या मोटारींत क्रायस्लर कंपनीनें तें बसविलें. सबंध वेळ पाय दाबून धरण्याचाही त्रास नको, अशी मागणी होऊं लागल्यावर त्यांत वेग पक्का धरून ठेवण्याची सोयही करण्यांत आली. चालकानें ब्रेकला पाय लावतांच ही पकड सुटे. अखेरचा शब्द माणसाच्या पायाचाच राहिला.

क्रायस्लर कंपनीनें या साधनास ऑटो-पायलट, म्हणजे आपोआप चालविणारा, असें नांव दिलें होतें. वास्तविक त्या साधनास एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे वेग राखणें. तें वळण ओळखीत नसे, पुढची गाडी पहात नसे, रस्ता ओलांडणारें मूल त्यास ठाऊक नसे. नांव मोठें आणि काम त्याच्या मानानें लहान, असा हा प्रकार होता. कॅडिलॅक मोटारींवर आलेलें क्रूझ कंट्रोल हें नांव मात्र पुढें रूढ झालें. विकणारा नेहमींच वस्तूस मोठें नांव देतो. घेणाऱ्यानें नांवावर न भुलतां ती वस्तु काय करूं शकते व काय करूं शकत नाहीं, हें नीट विचारून घ्यावें, हा शहाणपणा तेव्हांही आवश्यक होता व आजही आहे.

१९७३ सालीं जगांत खनिज तेलाची टंचाई झाली व पेट्रोल महाग झालें. वेग वारंवार कमीजास्त झाला कीं इंधन अधिक जळतें. मोकळ्या सपाट रस्त्यावर तो एकसारखा ठेवला तर बचत होते. यामुळें टीटर यांच्या साधनाचें महत्त्व लोकांस एकाएकीं पटलें, व पुढें तें सामान्य मोटारींतही दिसूं लागलें. तोंवर टीटर यांचा उद्योगाचा काळ संपला होता. परफेक्ट सर्कल कंपनी १९६३ सालींच डेना या कंपनीकडे गेली होती. १५ फेब्रुवारी १९८२ रोजीं, वयाच्या ९१ व्या वर्षीं, हा पुरुष कालवश झाला. १९८८ सालीं मोटार-उद्योगांतील थोर पुरुषांच्या स्मृतिमंदिरांत त्यांच्या नांवास स्थान देण्यांत आलें.

चरित्र येथें संपलें. परंतु तें ज्या गोष्टीकडे बोट दाखवितें ती अजून सांगावयाची आहे. टीटर यांनीं चालकाच्या पायास मदतनीस दिला. चालकाच्या डोळ्यांस व मनास त्यांनीं रजा दिली नाहीं. डोळे नसलेल्या या माणसानें सारें आयुष्य अवधानाच्या बळावर काढलें. आणि ज्यांस परमेश्वरानें दोन धड डोळे दिले आहेत, ते त्यांच्याच साधनाच्या भरंवशावर डोळे रस्त्यावरून काढून हातांतील फोनवर ठेवतात, याहून मोठा विपर्यास कोणता?

टीटर यांच्यानंतर या साधनांत पुष्कळ सुधारणा झाल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून रडार व कॅमेरा यांच्या साहाय्यानें पुढील गाडीचें अंतर ओळखून वेग आपोआप कमीजास्त करणारीं साधनें आलीं. पांढरे पट्टे पाहून गाडीस मार्गावर ठेवणारीं साधनेंही निघालीं. हीं खरोखर उपयुक्त आहेत, व त्यांनीं वेळेवर लावलेल्या ब्रेकमुळें प्राण वांचूं शकतात. परंतु त्यांच्या शक्तीस मर्यादा आहेत. कॅमेऱ्याच्या कांचेवर चिखल उडाला, मुसळधार पाऊस किंवा दाट धुकें असलें, समोरून तीव्र प्रकाश आला, अथवा पट्टे पुसले गेलेले असले, तर त्यास नीट दिसत नाहीं. यांतील कित्येक साधनें पुढें धांवणारी गाडी चांगली ओळखतात. पण वाटेंत निश्चल उभी असलेली गाडी, विशेषतः आपला वेग मोठा असतांना, त्यांच्या ध्यानांत येईलच असा भरंवसा नसतो. आपल्या रस्त्यांवर तर बंद पडलेला ट्रक मागें झाडाची फांदी व चार दगड ठेवून रात्रीं तसाच उभा केलेला आढळतो. फांदीचा अर्थ आपणांस कळतो. यंत्रास तो कोणी शिकविला आहे?

आपल्या जिल्ह्याचा विचार केला तर या मर्यादा अधिकच स्पष्ट होतात. जून ते सप्टेंबर या महिन्यांत येथील रस्त्यांवर पाणी सांचतें. वेगानें जाणारें चाक पाण्याच्या थरावर चढलें कीं त्याची रस्त्यावरील पकड सुटते. पाय ॲक्सिलरेटरवर असलेल्या चालकास ही निसटती पकड लगेच जाणवते व तो पाय उचलतो. वेग राखणारें साधें साधन मात्र आपला ठरलेला वेग सोडूं इच्छित नाहीं. म्हणून ओल्या रस्त्यावर हें साधन बंदच असावें. कसाऱ्याच्या घाटांतील उतारावर, जेथें खालचा गिअर टाकून इंजिनाच्या बळावर वेग आवरावयाचा असतो, तेथेंही त्याचें काम नाहीं. घोडबंदरच्या रस्त्यावर खड्डे चुकवीत मध्येंच आडव्या येणाऱ्या दुचाकी, भिवंडीच्या गोदामांकडे वळणारे लांबलचक कंटेनर आणि कल्याण-शीळ रस्त्यावर बस पकडण्यासाठीं धांवणारीं माणसें, यांच्या गर्दींत तर पाय ब्रेकजवळ व मन रस्त्यावर असणें हाच खरा उपाय.

याच्या उलट समृद्धि महामार्गावर संकट निराळ्या रूपानें येतें. तेथें रस्ता मोकळा, सरळ व एकसारखा. मोटारींस ताशीं १२० किलोमीटर वेगाची मुभा असल्यामुळें प्रवास झपाट्यानें होतो. परंतु मैलोगणती तोच देखावा, इंजिनाचा तोच सूर, आणि पायालाही काम नाहीं, अशा स्थितींत मन बधिर होऊं लागतें. डोळे उघडे असतात, पण पाहणारा आंत जागा नसतो. हिशेब करून पहा. ताशीं १२० किलोमीटर म्हणजे एका सेकंदास ३३ मीटरांहून अधिक. फोनवर आलेला निरोप पाहण्यास चालकानें अवघे दोन सेकंद घेतले, तर तेवढ्यांत गाडी ६६ मीटर पुढें गेलेली असते. म्हणजे आपल्या लोकलच्या तीन डब्यांहून अधिक अंतर तिनें आंधळेपणानें कापलेलें असतें.

लोकलचा उल्लेख आलाच आहे, तर तिच्या मोटरमनकडूनही एक धडा घेण्यासारखा आहे. ठाणें-कल्याणच्या गाडीच्या चालकाच्या हाताखालीं एक मूठ असते. गाडी चालत असतांना ती दाबून धरावी लागते. चालकास भोंवळ येऊन अगर अन्य कारणानें हात सुटला, कीं ब्रेक आपोआप लागून गाडी थांबते. तेथील योजनेचा अर्थ असा कीं, मनुष्य जागा नसेल तर गाडीनें पुढें जाऊं नये. मोटारींतील साध्या क्रूझ कंट्रोलची गोष्ट अगदीं उलट आहे. मनुष्य झोंपला तरी तें गाडीस पुढेंच नेतें. म्हणून हल्लींच्या कित्येक मोटारी स्टिअरिंगवर हात आहे कीं नाहीं, हें वारंवार तपासतात व हात नसल्यास घंटा वाजवितात. ती घंटा म्हणजे कटकट नव्हे. मोटरमनच्या मुठीचीच ती धाकटी बहीण आहे. ती फसविण्याच्या युक्त्या करणारा मनुष्य स्वतःलाच फसवितो.

तेव्हां पालकांस आमची नम्र विनंति अशी आहे. नवी मोटार घेतल्यावर तिची पुस्तिका आधीं घरीं बसून वाचावी, आणि प्रत्येक साधन चालू कसें होतें यापेक्षां बंद कसें होतें हें प्रथम शिकावें. कोरडा, मोकळा व स्पष्ट दिसणारा मार्ग असेल तेव्हांच तें वापरावें. हात स्टिअरिंगवर व पाय ब्रेकच्या जवळ असावा. प्रवासापूर्वीं टायरांतील हवा पहावी, तसेंच कॅमेरा व रडारवरील चिखल पुसावा. दोन तासांनीं थांबून पाय मोकळे करावेत. झोंप येऊं लागल्यास यंत्राच्या भरंवशावर पुढें न जातां सुरक्षित जागीं विसांवा घ्यावा. घरीं उशिरा पोंचण्यांत कोणताही कमीपणा नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांसही यांत काम आहे. मागच्या आसनावरही पट्टा बांधून बसा. चालविणाऱ्यास खेळण्यांत, भांडणांत किंवा चित्रें दाखविण्यांत गुंतवूं नका. बोलणाऱ्या वकिलाचा पाय कसा मंदावत असे तें आठवा. वडिलांनीं अगर आईनें गाडी चालवितांना फोन उचलला, तर मर्यादा राखून त्यांस आठवण करून द्या. तुमच्यांपैकीं कित्येक जण पुढें डोंबिवली-अंबरनाथच्या कारखान्यांत अगर दूर देशीं अशीं यंत्रें घडवितील. त्या वेळीं टीटर यांची पहिली योजना ध्यानांत असूं द्या: चांगलें यंत्र माणसास जागें ठेवतें.

पवित्र शास्त्रांत धन्यानें आपलें द्रव्य चाकरांच्या स्वाधीन करून परदेशीं गेल्याचा दृष्टांत आहे. परत आल्यावर त्यानें प्रत्येकाकडे हिशेब मागितला. ज्यानें तें द्रव्य जमिनींत पुरून ठेवलें होतें त्यास उत्तर देतां आलें नाहीं. राल्फ टीटर यांस दृष्टीचें द्रव्य मिळून लगेच काढून घेतलें गेलें. पण जें उरलें होतें, तें स्पर्श, श्रवण, स्मरण व अवधान यांचें धन त्यांनीं शतपटीनें वाढवून परत केलें. आपणांस तर सारेंच मिळालें आहे. महामार्गावर मोटारींत बसतांना, आपल्या पाठीशीं बसलेल्या मुलांचे प्राण व समोरून येणाऱ्या अनोळखी माणसांचे प्राण हेंही आपल्या स्वाधीन केलेलें धन आहे. त्याचा हिशेब यंत्र देणार नाहीं. तो आपणांसच द्यावयाचा आहे. हें स्मरण ठेवून आपले सारे प्रवास सुखरूप पार पडोत, अशी जगन्नियंत्याच्या चरणीं आमची प्रार्थना आहे.